निळ्या चकतीतला गोरा कोण? (चिनी मातीची मेडॅलियन जमवणारे कुणी आहे का इथे?)

काळी_कसदार
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

घरातला जुना मीटरबोर्ड दुरुस्तीला काढलाय. वायरमन म्हणाला, जुने चिनी मातीचे किटकॅट फ्यूज मिळाले तर बघा, हल्लीचे टिकत नाहीत. म्हणून भंगाराच्या दुकानात गेलो. त्याने फ्यूज आणि काळ्या बटणांनी भरलेला अख्खा खोकाच पुढं सरकवला. "सगळंच न्या साहेब, सहाशे द्या." घरी येऊन खोका उपडा केला तर तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन चकत्या.

पहिली लंबगोल, तळहातावर मावेल एवढी, काळ्या लाकडी चौकटीत. जमीन फिकी निळी. तिच्यावर पांढऱ्या मातीत उठवलेला एक माणूस, बाजूने. डोक्यावर केसांचा टोप नाही, कपाळ मागं सरकलेलं, केस सरळ मानेवर, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. चकाकी अजिबात नाही, बोट फिरवलं तर अंड्याच्या कवचासारखं लागतं. खाली काही अक्षरं असावीत, पण चौकटीच्या पितळी कडीखाली दडलीत. मागे पुठ्ठा आणि त्यावर लांबी थापलेली, उघडायचा धीर होत नाही.

दुसरी हिरवी, चौकट नाही, टोपवाला साहेब, नाकाचा शेंडा उडालेला.

प्रश्न तीन. हा निळा गोरा कोण? माल खरा की बनावट? आणि असलं काही कुणी जमवतं का? मला वेड लागायची चिन्हं दिसतायत. सौ. म्हणते, आपल्या माणसांचे फोटो लावायला भिंत उरली नाही, त्यात हा कुठला पाहुणा.

कडक_भाकरी
मी पहिला! आता वाचतो.

चाटी_गल्ली
वर्णनावरून आमचे नववीचे गणिताचे सर. सेम टु सेम दोन हनुवट्या. चकतीला उलटा डस्टर फेकून बघा, चुकवला तर तेच.

मृद्गंधा
अहो काळी_कसदार, आधी एक काम करा, चौकटीला हात लावू नका. लिंबू, चिंच, साबण काहीही लावू नका. आता बोलू.

वर्णनावरून निळी चकती जॅस्परची वाटते. जोसाया वेजवुड नावाच्या इंग्लंडातल्या कुंभाराने हजारो प्रयोग फसवून १७७५ च्या सुमारास ही माती साधली. कुंभार हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, घराणंच कुंभारांचं. लहानपणी देवीच्या आजारात गुडघा गेला, पायाने चाक फिरवता येईना, मग माणूस मातीच्या मिश्रणाच्या मागं लागला. १७६८ मध्ये तो पाय कापावाच लागला. (उत्क्रांतीवाला डार्विन याचाच नातू, मुलीचा मुलगा.) या मातीत बेरियम सल्फेट मोठ्या प्रमाणात असतं. ते असल्याने वरून चकाकी न चढवताही भांडं पाणी शोषत नाही, आणि धातूची भस्मं घातली की रंग पृष्ठभागावर न बसता मातीतच मुरतो. निळा कोबाल्टचा.

पांढरं मुख वेगळ्या साच्यात दाबून काढतात, ओल्या निळ्या चकतीवर पाण्याच्या बोटाने चिकटवतात आणि दोन्ही एकत्र भाजतात. भिंग घ्या आणि केसांच्या बटा बघा. चांगल्या कामात साच्यातून काढल्यावर कारागीर कोरणीने कडा आतून कापतो, त्यामुळे बटेखाली बारीक सावली पडते. आणि जिथे पांढरा थर पातळ आहे, म्हणजे शर्टाच्या झालरीत वगैरे, तिथे खालचा निळा किंचित झिरपलेला दिसला पाहिजे.

त्या काळी फोटो नव्हते. राजा, मंत्री, सेनापती, शास्त्रज्ञ यांचं तोंड घरात हवं तर तैलचित्र परवडणार कुणाला? वेजवुडने साचे केले आणि थोरामोठ्यांची यादीच काढली. जमवणारे तेव्हापासून आहेत. मीही आहे, सात आहेत माझ्याकडे. नवरा तुमच्या सौ.सारखंच बोलतो.

बाळीवेस_बॉय
सोलापुरात बसून इंग्रज मंत्र्यांची तोंडं भिंतीवर? काय बे! मे १९३० मध्ये याच गावात यांनी मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज ऑफिसला जातो मी. त्यांच्या चकत्या मिळाल्या तर सांगा, दोन घेईन.

कडक_भाकरी
बॉय +१. पण भंगारातून सहाशेत मिळाला म्हणजे साहेबाची किंमत सोलापूरने बरोबर लावली म्हणायची :ड

सातरस्ता_सिग्नल
वर्णन परत वाचलं. टोप नाही, टक्कल, लांब केस, गुबगुबीत. अहो हा शंभर डॉलरच्या नोटेवरचा माणूस आहे! बेंजामिन फ्रँकलिन. भाचा टेक्सासात असतो, दर दिवाळीला एक नोट दाखवून परत खिशात घालतो, म्हणून तोंडपाठ.

चाटी_गल्ली
म्हणजे गणिताचे सर नाहीत. पण हिशोबाचाच माणूस.

गड्ड्यातला_पाळणा
फ्रँकलिनच्या डोक्यावर केसाळ टोपी नसते का? मी कुठल्याशा पुस्तकात मातीच्या गोल चकतीवर टोपीवालाच पाहिलाय.

मृद्गंधा
पाळणा, बरोबर पाहिलंत, पण ती वेगळी चकती. झां-बातीस्त नीनी नावाचा मूळचा इटालियन कारागीर फ्रान्समध्ये शोमोंच्या गढीवर भाजक्या लाल मातीत काम करायचा. गढीचा मालक पॅरिसजवळ पासीला फ्रँकलिनचा घरमालक होता. १७७७ ची ती नीनीची चकती, फरच्या टोपीतली. पॅरिसच्या सरदारांना पावडर लावलेल्या टोपांची सवय, त्यात हा बिनटोपाचा म्हातारा फर घालून आला आणि सगळे खुळावले. अंगठीत, तपकिरीच्या डबीच्या झाकणावर, जिकडेतिकडे त्याचं तोंड. १७७९ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात तो थट्टेने म्हणतो की या चकत्यांनी तुझ्या बापाचं तोंड चंद्राइतकं ओळखीचं करून टाकलंय.

फ्रान्समधल्या सेव्हर्सच्या कारखान्याने बिस्किट पोर्सलेनमध्ये (म्हणजे बिनचकाकीच्या चिनी मातीत) काढला, वेजवुडने जॅस्परमध्ये. तुमचा निळ्यावर पांढरा, बिनटोपीचा, म्हणजे वेजवुड किंवा त्याची नक्कल. सातरस्ता, शाबास.

बाळीवेस_बॉय, तुमचा साहेब इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्यांतला निघाला की हो. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही आहे त्याची.

बाळीवेस_बॉय
ताई, मग याला माफ. पण बाकीच्यांचं काय? तुमच्या सातांत कोण कोण आहेत ते सांगा बघू.

मृद्गंधा
धाकटा पिट (इंग्लंडचा पंतप्रधान), फॉक्स (संसदेतला त्याचा विरोधक), एक नेल्सन (आरमारवाला, चकती उशिराची), दोन ग्रीक तत्त्वज्ञ, एक चर्चिल (विसाव्या शतकातला, भेट मिळाला, कपाटात पालथा आहे) आणि एक कोण ते मलाच ठाऊक नाही. आपल्याकडचा कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज, त्याचं मेडॅलियनही वेजवुडने काढलं होतं, ते समोर आलं तर घ्यायचं की नाही यावर आमच्या घरी दोन रविवार भांडण झालं. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन, काम अप्रतिम.

मोडीवाला
हेस्टिंग्ज जरूर घ्यावा. मराठे आणि इंग्रजांमधला सालबाईचा तह १७८२ चा, त्याच्याच कारकिर्दीतला. समोर महादजी शिंदे, मागे पुण्यात नाना फडणीस. शत्रूचा चेहरा माहीत असावा. पुढे त्याच्याच देशाच्या संसदेने १७८८ ते १७९५ अशी सात वर्षं त्याच्यावर खटला चालवला, शेवटी निर्दोष सोडला. असा माणूस भिंतीवर असला की आल्यागेल्याला सांगायला गोष्ट होते.

खंत एवढीच की त्याच काळात नाना आणि सवाई माधवराव यांची चित्रं जेम्स वेल्स पुण्यात रंगवत होता, पण आपल्याकडे ते तोंड मातीत उठवून घरोघर पोचवायचं कुणाला सुचलं नाही. मी तरी नानांची चकती पाहिलेली नाही.

बाळीवेस_बॉय
शत्रूचा चेहरा माहीत असावा हे ठीक. पण तो हॉलमध्ये कशाला, माहिती फोनमध्येपण राहते. वेजवुडनेच गुलामगिरीविरुद्ध काढलेली चकती होती ना? साखळदंडातला गुडघ्यावर बसलेला माणूस. शाळेच्या पुस्तकात होती की कुठे ते आठवत नाही. तशी मिळाली तर मी पण लावीन.

मृद्गंधा
होती. १७८७ ची. "मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का" असा त्यावरचा प्रश्न. वेजवुडने ती फुकट वाटली. बायका केसांच्या पिनांत आणि बांगड्यांत बसवून मिरवायच्या. १७८८ मध्ये त्याचं एक पुडकं त्याने फिलाडेल्फियाला कुणाला पाठवलं असेल? याच निळ्या चकतीतल्या म्हाताऱ्याला. तो तिथल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष होता तेव्हा. (आणि त्याच्या घरात आधी गुलाम होते, हेही खरं. जमवायला लागलं की माणसं सोपी राहत नाहीत.)

रुक्मिणी_पूर्वभाग
अवांतर होईल, पण चिनी मातीवरचा चेहरा म्हटल्यावर मला आमच्या शेजारच्या अप्पांची समाधी आठवली. लिंगायत घरातले, रुद्रभूमीत दगडावर त्यांचा लंबगोल फोटो, चिनी मातीवर भाजलेला. तीस वर्षं सोलापूरचं ऊन खाऊन मिशीचा एक केस फिका पडला नाही. आमच्या नायनांचा (वडिलांचा) हॉलमधला कागदी फोटो मात्र तेवढ्यात पिवळा झाला, कडेला बुरशी आली. तेव्हापासून मी म्हणते, चेहरा टिकवायचा तर भट्टीतूनच गेला पाहिजे.

कडक_भाकरी
अक्का, अंगावर काटा आला.

हुरडा_पार्टी
अवांतराला अवांतर: जानेवारी संपत आला, हुरड्याचा बेत कुणी ठरवतंय का? शेंगा चटणी माझ्याकडून.

चाटी_गल्ली
हा माणूस फ्रँकलिनच्या धाग्यावर पण हुरडाच भाजणार.

पेठेतला_पावणा
माझी गोष्ट ऐका आणि शहाणे व्हा. पुण्याला एका जुन्या बाजारात मी "अस्सल वेजवुड" म्हणून वेलिंग्टन (नेपोलियनला हरवणारा इंग्रज सेनापती) घेतला. किंमत विचारू नका. धूळ बसली होती म्हणून रात्री पाण्याच्या बादलीत सोडला आणि झोपलो. सकाळी बादलीत खीर. वर निळा रंग तरंगतोय, खाली न भाजलेल्या शाडूचा गाळ, आणि त्यात वेलिंग्टनचं फक्त नाक शाबूत. बायको म्हणाली, वॉटर्लू.

कडक_भाकरी
हसून हसून पुरेवाट. वॉटर्लू!!

मृद्गंधा
पावणा, वाईट वाटलं तरी हसले. पण चाचणी यातच आहे, बादली न वापरता. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, ओलं बोट टेकवा. कच्ची माती किंवा प्लास्टर पाणी लगेच पितं आणि बोट चिकटल्यासारखं होतं. जॅस्परवर थेंब बसून राहतो.

पुढची पायरी मागचा ठसा. ओल्या मातीत दाबलेला हवा, वरून छापलेला नको. नुसतं वेजवुड असेल तर जुनं असू शकतं. वेजवुड आणि बेंटली अशी दोन्ही नावं असतील तर मला आधी फोन करा :) कारण ती भागीदारी १७६९ ते १७८०, बेंटली वारल्यावर संपली. सोबत इंग्लंड असेल तर १८९१ नंतरचं. "मेड इन इंग्लंड" असेल तर विसाव्या शतकातलं. आणि वेजवुडच्या स्पेलिंगमध्ये मधे एक जादा ई असेल तर दुसऱ्याच कारखान्याचं, नावाचा फायदा घेणाऱ्यांचं.

सातरस्ता_सिग्नल
१८९१ च का?

मृद्गंधा
अमेरिकेचा कायदा. १८९० चा मॅकिन्ली जकात कायदा, बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवंच. म्हणजे फ्रँकलिनच्या पाठीवर इंग्लंड लिहायला फ्रँकलिनच्याच देशाने लावलं.

मोडीवाला
कायद्याचाच विषय निघाला म्हणून. आपल्याकडे पुरावस्तू कायदा १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू त्यात येते. घरात ठेवायला हरकत नाही, पण परवान्याशिवाय धंदा करता येत नाही आणि खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा "इंटरनेटवर लंडनला विकतो" असा विचार कुणाच्या मनात असेल तर आधी वय ठरवा. चकतीचं, तुमचं नाही.

काळी_कसदार
बाप रे, एवढे प्रतिसाद! विकायचा विचार नाही हो.

आज रविवार, म्हणून निळी चकती फडक्यात गुंडाळून कुंभार वेशीत गेलो. ओळखीचे एक मामा आहेत, संक्रांतीला सुगडी त्यांच्याकडूनच घेतो. चकती उजेडात धरून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नखाने कडेला टिचकी मारली. टण्ण. आमच्या माठाचा आवाज येतो त्याच्या वरच्या पट्टीत.

"भट्टी लई तापलीय हिची," म्हणाले. "आमच्या आव्याची आच इथवर जात न्हाई." मग जिभेला बोट लावून पितळी कडीलगतच्या निळ्या जमिनीवर टेकवलं. थेंब तसाच. "आपल्या मातीनं आतापातूर वढून घेतलं असतं. म्हणून तर माठात पाणी गार हुतं. ह्यात पाणी ठिवलं तर गरमच ऱ्हाईल बघा."

मी विचारलं, मामा, नक्कल असेल का? तर म्हणाले, "नाकाडोळ्याचं मला काय कळत न्हाई. पर साच्यावरनं साचा काढला तर जिन्नस बारकं हुतंय. वलं असताना मोठं, भाजलं की आकसतं. परत त्याच्यावरनं काढलं की परत आकसतं."

चहा पाजला त्यांनी वर.

मृद्गंधा
मामांना माझा नमस्कार सांगा. युरोपातले लिलाववाले हेच पट्टी लावून बघतात! जॅस्पर भाजताना साधारण आठवा हिस्सा आकसतं. अस्सल चकतीवरून कुणी साचा घेऊन नवीन भाजली तर ती मूळापेक्षा तेवढी लहान, आणि तपशील बोथट. म्हणून संग्रहालयांच्या याद्यांत मिलिमीटरपर्यंत मापं देतात. माझ्या "कोण ते ठाऊक नाही" साहेबाचं बिंग तसंच फुटलं, उंची भरेना.

सोलापूरकरांनी वेजवुडचं काम प्रत्यक्ष बघायचं तर लंडनला जायला नको. हैदराबादला सालारजंगमध्ये बघा. युरोपच्या चिनी मातीची दालनं आहेत. बहुतेक लोक दुपारी बारा वाजता घड्याळातला बाहुला ठोके देतो तो बघायला पळतात आणि ही दालनं मोकळी मिळतात.

गड्ड्यातला_पाळणा
मी तिथे त्या घड्याळासाठीच दोनदा गेलोय. शरम वाटली.

बाळीवेस_बॉय
कुंभार वेशीतल्या मामांना चार हुतात्म्यांचे साचे करायला सांगितले तर? लाल मातीतच, नीनीसारखे. मी सिरियसली विचारतोय. खर्च माझा.

रुक्मिणी_पूर्वभाग
साचा करायला शिल्पकार लागेल, मामा भाजून देतील. माझ्या जावेचा मुलगा कलाशाखेला आहे, गणपतीचे साचे करतो. व्यक्तिगत निरोप करते.

मोडीवाला
कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांचे फोटो बाजूने काढलेले मिळणं अवघड, बहुतेक समोरून असतात. मुख बाजूने करायचं तर नाकाची ठेवण अंदाजाने येईल. तो अंदाज घरच्यांना दाखवून मगच भाजा.

बाळीवेस_बॉय
हा मुद्दा डोक्यात आला नव्हता. धन्यवाद मोडीवाला. घाई करत नाही.

हुरडा_पार्टी
शनिवार ठरला. अकरा जण झाले. मामांना पण बोलवा.

काळी_कसदार
उशिराबद्दल माफी, अकरा दिवस झाले. मृद्गंधाताईंच्या सूचनेप्रमाणे चौकट एका सुतारमित्राकडे नेली. त्याने लांबी हेअर ड्रायरने मऊ केली आणि पातळ पात्याने तासभर सोडवत बसला. मी बाहेर उभा, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभा राहतात तसा.

चकती बाहेर आली. पितळी कडीखाली अक्षरं आहेत: फ्रँकलिन. सातरस्ता, तुमच्या भाच्याला सांगा. मागे ओल्या मातीत दाबलेला ठसा: वेजवुड. जादा ई नाही. माझा श्वास वरचा वर. आणि त्याखाली, बारीक अक्षरांत: मेड इन इंग्लंड.

चाटी_गल्ली
अरेरे.

पेठेतला_पावणा
अरेरे काय? खीर तर झाली नाही! माझ्यापुढे गेलात तुम्ही.

मृद्गंधा
अस्सल आहे, फक्त तरणा आहे. माझा पहिला पिटसुद्धा असाच होता. झालरीत निळा झिरपलाय का?

काळी_कसदार
झिरपलाय. भिंगातून गळ्यापाशी बघितलं तर दुधावर आभाळ पडल्यासारखं दिसतं. सौ.नेही बघितलं, आणि बराच वेळ भिंग परत देईना. मग म्हणाली, हा तोच ना, पतंग उडवून वीज पकडणारा? आणि जागा तिनेच ठरवली. नवीन मीटरबोर्डाच्या बरोब्बर वर. खाली त्याच खोक्यातले चिनी मातीचे फ्यूज.

सातरस्ता_सिग्नल
लाइट जायची बंद झाली का?

काळी_कसदार
तीन दिवस गेली नाही. चौथ्या दिवशी दुपारी दोन तास गेली. पण फ्यूज उडाला नाही.

कडक_भाकरी
आणि त्या हिरव्या, नाक उडालेल्याचं काय झालं? ओलं बोट लावलं का?

काळी_कसदार
बोट चिकटलं.